हिरव्या भुशाखालची गल्ली

येरवड्यात जाऊन युसूफ कागदींचं घर विचारलंत तर कुणालाही सांगता येणार नाही. "मॉडेलवाले चाचा" म्हणा, पानवाला हातातलं गिऱ्हाईक सोडून दोन पावलं पुढे येईल आणि गल्लीपर्यंत वाट दाखवील. आता मॉडेलवाले म्हटल्यावर नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी येतं. एकदा एका कुरिअरवाल्याने चाचांची मेंदी लावलेली दाढी, ढगळ पायजमा आणि दोऱ्याने बांधलेला चष्मा नीट न्याहाळला आणि "तुम्ही?" एवढंच विचारलं. चाचांनी सही केली आणि गंभीरपणे म्हणाले, "हो, मीच. आता वयामुळे बोलावणी कमी येतात."

चाचांचं मॉडेल म्हणजे सँड मॉडेल. लष्करात कुठलीही मोहीम आखायची तर आधी तो मुलूख लहान करून जमिनीवर मांडतात. वाळूचे डोंगर, रंगवलेल्या भुशाची शेतं, खडूच्या भुकटीचे रस्ते, स्पंज कापून केलेली झाडं आणि आगपेट्यांची घरं. भोवती अधिकारी उभे राहतात आणि हातातल्या लांब काठ्यांनी दाखवत, इकडून जायचं की तिकडून यावर तासन्‌तास खल करतात. खडकीच्या बाजूला असलेल्या एका लष्करी प्रशिक्षण केंद्रात चाचांनी असे मुलूख चौतीस वर्षं मांडले. स्वतः पुण्याबाहेर फार तर सासवडपर्यंत गेले असतील, तेही सासुरवाडी म्हणून. पण बर्फातली कुठली खिंड कुठे अरुंद होते, हे ते जेवताजेवता सांगू शकत.

हा हात त्यांच्याकडे वडिलांकडून आला. वडील मोहरमचे ताबूत बनवायचे. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद एवढ्यावर ते अख्खी मशीद उभी करायचे, मिनारांसकट. युसूफ मात्र केंद्रात झाडूवाला म्हणून लागला. पहिल्याच वर्षी, मोठे साहेब पाहायला येणार त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत एक मांजर मॉडेलवर चढलं, नदीतून चालत गेलं आणि शत्रूच्या टेकडीवर अंग पसरून झोपलं. मॉडेलचे प्रमुख सुभेदार भैरू जगदाळे जेवून परत आले तेव्हा टेकडीचा भुगा झाला होता. सुभेदारांचा चेहरा पाहून सगळे पांगले. युसूफने झाडू बाजूला ठेवला, बाही वर केली आणि अर्ध्या तासात टेकडी होती तशी उभी केली. दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला.

सुभेदार सांगलीकडचे. तोंडाने फाटके आणि कामात तलवारीसारखे. त्यांनी युसूफला भुसा कसा रंगवायचा, ओली वाळू किती दाबायची, दोरे ताणून नकाशाचे चौकोन मॉडेलवर कसे आणायचे, सगळं शिकवलं. आणि एक नियम शिकवला. झालं असं, की एका मॉडेलवर युसूफला एक उतार फारच बोडका वाटला, म्हणून त्याने तिथे स्पंजचं एक झाड लावून दिलं. दिसायला छान दिसलं. दोन शिकाऊ अधिकाऱ्यांनी त्या झाडाआड आपले दहा जवान लपवण्याची योजना आखली आणि मोठ्या साहेबांसमोर मांडली. साहेबांनी नकाशा पाहिला. झाड नव्हतं. सगळ्यांसमोर सुभेदारांनी युसूफला उभं केलं.

"दहा माणसं मेली तुझ्या झाडापायी," सुभेदार म्हणाले. "ध्यानात ठेव. नकाशात न्हाई, ते मॉडेलवर न्हाई."

तो दिवस चाचा विसरले नाहीत, आणि त्या दिवसाचा त्यांना कधी रागही आला नाही. उलट फार मोठं देणं वाटतं. दर शब-ए-बरातला, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढायच्या रात्री, वडिलांच्या नावाने फातिहा वाचून झाली की ते सुभेदार जगदाळ्यांसाठीही दुआ मागतात. सुभेदारांना कळलं असतं तर त्यांनी तिथेही रांगेत उभं राहायला सांगितलं असतं, असं चाचा म्हणतात.

आता चाचांच्या घराकडे वळू. ते राहतात तारेच्या गल्लीत. पूर्वी तिथे काटेरी तारेचं कुंपण होतं, म्हणून हे नाव. शाळेची मागची भिंत आणि ओढा यांच्या बेचक्यात त्रेचाळीस घरं एकमेकांना टेकून बसली आहेत. गल्लीत वीज आहे, नळ आहे, आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे लोक हात जोडून येतात. कुठल्या नकाशात मात्र ही गल्ली नाही. यात कुणाचा कट नव्हता. नकाशे जुने, घरं नंतरची, इतकंच.

पाच-सहा वर्षांपूर्वी वरच्या धरणांमधून पाणी सोडलं आणि मुळा-मुठा फुगली. सकाळी सहाला गल्लीत पाणी शिरलं. चाचांच्या बायकोचे, खातूनचाचींचे, गुडघे तेव्हाच गेलेले होते. शेजारच्या प्रेमलाने त्यांना ओढत, ढकलत आपल्या पोटमाळ्यावर चढवलं. मोठ्या रस्त्यावर दोनदा बोट आली. कर्ण्यावरून हाका मारल्या, पुढच्या वस्तीतली माणसं बाहेर काढली. "मागे कुणी आहे का?" असंही विचारलं, पण उत्तर द्यायला पुढे कुणी उरलंच नव्हतं. बोटवाल्यांनी जीव तोडून काम केलं. त्यांच्या कागदावर जेवढी वस्ती होती, तेवढी त्यांनी सोडवली आणि ते पुढच्या वस्तीकडे गेले. चाचींनी पत्र्याच्या फटीतून त्या बोटीची पाठ पाहिली. गल्लीतल्या लोकांनी दोर बांधून, थर्माकोलच्या तक्त्यांवर बसवून त्यांना बाहेर काढलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

आणि चाचा कुठे होते? खडकीत. कामासाठी आदल्या रात्री तिथेच थांबले होते. आता पूल बंद, फोन बंद. त्या दिवशी ते चुन्याची भुकटी चाळून हिमालयातल्या एका खिंडीवर बर्फ पसरत होते.

तेव्हापासून दर पावसाळ्यात खातूनचाची एकच प्रश्न विचारत. कागदपत्रं, औषधं आणि एक साडी पिशवीत भरून ती दाराला अडकवत, पलंगावर बसत आणि म्हणत, "या वेळी येतील का हो आपल्याकडे?" चाचा म्हणत, "येतील, येतील." दोघांनाही ठाऊक होतं की या उत्तराला काही आधार नाही.

चाचा निवृत्त झाले. पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, केंद्रातून फोन आला. मेजर उत्कर्षा म्हणून नव्या अधिकारी आल्या होत्या, साताऱ्याच्या. वयाने चाचांच्या मुलीएवढ्या, आवाज मात्र थेट सुभेदारांच्या जातकुळीचा.

"चाचा, एक मॉडेल मांडायचंय. या वेळी डोंगर नाही. पुणं."

चाचा दचकले. "पुण्यावर कोण चाल करून येतंय?"

"पाऊस," मेजर म्हणाल्या. "महिनाभरात पडायचा तेवढा आता दोन दिवसांत पडतो. हवामान बदललंय, आणि आमच्या योजना जुन्याच आहेत. पूर आला की आम्हाला बोलावणं येतं, आम्ही निघतो, आणि पोचल्यावर रस्ता विचारत फिरतो. यंदा सगळ्यांना आधीच एका मॉडेलभोवती उभं करायचंय. महापालिका, पाटबंधारे, अग्निशमन, दवाखाने, नदीकाठच्या वस्त्यांमधली माणसं. कोण कुठे जाणार, कुणी कुणाला फोन करायचा, सगळं तिथेच ठरवू. याल ना?"

चाचा दुसऱ्या दिवशी सामान आणायला नारायण पेठेत हजर. रंगाचं सामान ते तीस-पस्तीस वर्षं एकाच दुकानातून घेतात. तिथे माल आणि टोमणा दोन्ही मिळतात, आणि टोमण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

"निळी भुकटी द्या. चार किलो."

"एवढी कशाला?" दुकानदारांनी वर न पाहता विचारलं.

"नदी करायचीय. आपली मुळा-मुठा."

"मग निळी कशाला नेताय? काळी न्या. वर साबणाचा फेस सोडा, हुबेहूब होईल."

चाचांनी निळीच घेतली. आयुष्यभर परक्या नद्या निळ्या केल्या, आपलीच काळी कशाला करायची, असा त्यांचा विचार.

मॉडेल चोवीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. मदतीला नाईक समाधान म्हणून एक जवान दिला होता, पंढरपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला, बोट चालवण्यात तरबेज. सहा दिवसांत धरणं झाली, संगम झाला, पूल झाले, स्वारगेटचा चौक झाला. चाचा इतके रंगले की जेवायची शुद्ध नव्हती. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते स्वतः चाललेले रस्ते मांडत होते.

पाचव्या दिवशी येरवडा आला. दोऱ्यांचे चौकोन जुळवत चाचा शाळेच्या मागच्या भिंतीपाशी पोचले आणि नकाशा पाहून थांबले. भिंत आणि ओढा यांच्या मधे एक हिरवा ठिपका होता. मोकळी जागा.

"चाचा, तुमी हितलंच न्हवं?" समाधान म्हणाला. "तुमचं घर दावा की."

"दाखवतो नंतर," चाचा म्हणाले.

हातात हिरव्या भुशाची चाळणी होती. एक मन म्हणत होतं, अरे, तुझ्या बायकोचा पलंग आहे तिथे. दुसरं मन म्हणत होतं, नकाशात नाही ते मॉडेलवर नाही. आणि त्यात स्वतःचं घर घुसवलंस तर लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याने संधी साधली. मेजरबाईंना सांगायला काय हरकत होती, हे आज आपल्याला सुचतं. चाचांना सुचलं नाही. चौतीस वर्षं त्यांना नकाशा हातात मिळाला होता, नकाशाबद्दल त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी चाळणी हलवली. हिरवा भुसा अगदी एकसारखा पडला.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे खातूनचाचींना सांगून टाकलं. पोटात राहीना. घरात त्यांची दखनी बोली चालते, पण चाची सासवडच्या, त्यामुळे रागावल्या की त्या मराठीवर येतात.

"म्हणजे आपण स्वतःच्या हातांनी आमच्यावर गवत पेरून आलात."

चाचा हात धुऊन ताटावर बसले.

"बरं झालं," चाची पोळीवर तेल लावत म्हणाल्या. "गवताला बोट लागत नाही."

जेवणं आटोपली. चाचा नमाजला गेल्यावर त्या गुडघा धरत शेजारी प्रेमलाकडे गेल्या. प्रेमलाला बैठकीचं आमंत्रण होतं. ती बचत गटाची अध्यक्ष, माहेर लोहगावचं, शेतकऱ्याघरची, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलली तरी ओढ्यापलीकडे ऐकू जावं. चाचींनी स्वयंपाकघरातून आणलेली आगपेटी तिच्या हातात ठेवली.

"ही त्यांच्या त्या नदीकाठी ठेव. कुठे ठेवायची ते तुला माहीतच आहे."

बैठकीचा दिवस. मॉडेलच्या चारी बाजूंना माणसं उभी होती, गणवेशातली एकीकडे, साधी दुसरीकडे, आणि चहा येईपर्यंत कुणी कुणात मिसळेना. चाचा कोपऱ्यात ब्रश घेऊन उभे होते. कुणाचा पाय लागून रस्ता पुसला गेला तर पुन्हा आखायचा, एवढंच त्यांचं काम. मेजर उत्कर्षांनी निळी भुकटी मुठीत घेतली आणि पाणी कसं चढत जाईल ते काठापासून पसरत दाखवलं. मग एका खात्याचे साहेब काठी घेऊन पुढे आले. त्यांनी येरवड्याची योजना वाचली. पुढच्या वस्तीतून माणसं काढायची आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेत जमवायची. त्यांनी हिरव्या भुशात पांढरं निशाण रोवलं. जमा होण्याचं ठिकाण.

चाचांच्या हातातला ब्रश खाली पडला. स्पंजचं झाड आठवलं. त्या वेळी नसलेल्या झाडाआड दहा माणसं लपवली होती. आता नसलेल्या जमिनीवर सगळी वस्ती उभी करत होते, आणि ही जमीन त्यांनीच पेरली होती. तोंड उघडावं म्हणून त्यांनी श्वास घेतला, पण त्याआधी पलीकडून आवाज आला.

"साहेब, आमची गल्ली कुठं हाय?" प्रेमला विचारत होती.

"कुठली गल्ली ताई?"

"तारेची. तुमी निशाण लावलं तिथली."

"ती मोकळी जागा आहे ताई. नकाशात आहे तसं."

"मोकळी?" प्रेमला म्हणाली. "मग आज सकाळी मी आंघोळ कुठं केली? उघड्यावर?"

काही जण हसले. प्रेमला हसली नाही. तिने साडी सावरली, वाकून ते पांढरं निशाण उपटलं आणि त्या जागी खातूनचाचींची आगपेटी ठेवली. ठेवताना पेटी खुळखुळली. मॉडेलवरच्या सगळ्या पेट्या रिकाम्या असतात. ही भरलेली होती.

मेजर उत्कर्षांनी पेटीकडे पाहिलं आणि मग कोपऱ्याकडे. "चाचा, तुम्ही येरवड्यातच राहता ना? नेमके कुठे?"

चाचा पुढे आले. त्यांनी वाकून बोट टेकवलं.

"इथेच मॅडम. या हिरव्या भुशाखाली."

मेजर त्या भुशावर वाकल्या.

"मग मांडलं का नाहीत?"

"नकाशात नव्हतं मॅडम. नकाशात नाही ते मॉडेलवर नाही. मला तसंच शिकवलंय." मग त्यांच्याने राहवेना. "चूक झाली माझी. गेल्या पुरात माझी बायको अकरा तास पत्र्याखाली बसली होती, आणि मी तिच्यावर गवत पेरलं."

आता बाई काय बोलतात याकडे सगळ्यांचं लक्ष. चाचांना वाटलं, पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं राहायची वेळ आली. मेजर उत्कर्षांनी हाताला लागलेली निळी भुकटी झटकली.

"तुम्ही नियम पाळलात," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. या शहरात साठ वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात मी नकाशा दिला आणि हा बरोबर आहे का, एवढंसुद्धा विचारलं नाही."

आणि त्या कडक इस्त्रीच्या गणवेशात गुडघ्यांवर बसल्या आणि तळहाताने हिरवा भुसा खरवडू लागल्या. समाधान पळतच कँटीनमध्ये गेला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या आगपेट्या घेऊन आला. पेट्या रिकाम्या केल्या, काड्यांचा ढीग टेबलावर पडला. काठीवाले साहेब क्षणभर अवघडून उभे होते. मग त्यांनीही बूट काढले आणि पेट्या पुढे करायला बसले. प्रेमला घरांची नावं घेत होती आणि चाचा घरं मांडत होते. त्रेचाळीस पेट्या बसल्या, तेव्हा चहा केव्हाच गार झाला होता.

मग खरी बैठक झाली. प्रेमलाने सांगितलं, की नदी पुढून यायच्या आत पाणी मागून येतं. नदी भरली की ओढा उलटा फिरतो, आणि पुढच्या रस्त्याला चपला भिजायच्या आधी गल्लीत गुडघाभर होतं. पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर वही काढून तिच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारत राहिले, किती तास आधी, कुठल्या दगडापर्यंत. मोठी बोट गल्लीत वळणार नाही, हे समाधानने पेट्यांमधल्या फटीत बोट फिरवून पाहिलं. शाळेच्या भिंतीला एक पडकं खिंडार आहे, तिथून लहान रबरी बोट शिरेल, हे चाचांनी दाखवलं. माणसं मोकळ्या जागेत नाही, शाळेच्या वरच्या मजल्यावर जमवायची ठरली. शाळेची किल्ली प्रेमलाकडे राहील, आणि धरणातून पाणी सुटताच पहिला फोन तिला जाईल, असं लिहून घेतलं. ज्यांना चालता येत नाही त्यांची घरं वेगळी दाखवायची होती. बाकीच्यांना लाल टाचण्या लावल्या. चाचा चाचींच्या पेटीला टाचणी लावायला गेले तेव्हा मेजर म्हणाल्या, "तिला नको. ती वाजते."

जूनमध्ये एका रविवारी समाधान आपली तुकडी घेऊन गल्लीत येऊन गेला. त्यांनी खिंडार मोजलं, भिंतीत दोर बांधायच्या कड्या ठोकल्या आणि प्रेमलाकडे पोटभर पिठलं-भाकरी खाल्ली. खातूनचाचींनी दारातून सगळं पाहिलं. त्यांचा तरीही भरवसा नव्हता. आधी बोलावून नंतर विसरणारी माणसं त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. पिशवी दाराला अडकवलेलीच राहिली.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी सकाळी सहाला प्रेमलाचा फोन वाजला. पाणी सोडलंय, ओढ्यावर लक्ष ठेवा. तिने शाळा उघडली आणि दारोदार फिरून गल्ली जागी केली. चालती माणसं शाळेत गेली. सातला ओढा उलटा फिरला. चाचींना शाळेपर्यंत चालत जाणं जमेना, आणि चाचा त्यांना सोडून जाईनात. दोघं पलंगावर बसले. पाणी पलंगाच्या पायांपर्यंत आलं, मग गादीला लागलं.

"या वेळी येतील का हो?" चाचींनी विचारलं.

चाचांच्या तोंडी "येतील" आलं, पण त्यांनी ते गिळलं. उगीच धीर द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

साडेसातला खिंडाराच्या बाजूने इंजिनचा आवाज आला. हाक नाही, कर्णा नाही, विचारपूस नाही. रबरी बोट गल्लीत शिरली, कडीला दोर अडकवला आणि सरळ त्यांच्या दारापुढे येऊन थांबली. समाधान कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि उंबरा ओलांडून आत आला.

"चला चाची."

चाची त्याच्याकडे पाहत राहिल्या. "कुणी बोलावलं तुम्हाला? चुकून तर नाही आलात?"

"चुकून कसं यीन?" समाधान हसला. "तुमचं घर डोळं झाकून घावतंय. शेवटनं तिसरं. बाकीची सगळी घरं रिकामी, तुमचं तेवढं वाजतंय. बाई तुकडीतल्या एकेकाला पेटी कानाशी लावून हलवाय लावत्यात. म्हणत्यात, ऐका, आत माणसं हायेत."

चाचींनी तोंडावर पदर घेतला. गेल्या पुरात त्या रडल्या नव्हत्या, अकरा तासांत एकदाही नाही. आता समाधानच्या पाठीवर बसून बोटीत जाईपर्यंत त्या रडत होत्या. चाचा मागून पिशवी डोक्यावर धरून चालत होते आणि त्यांचीही तीच अवस्था होती, यात लपवण्यासारखं काही नाही. त्रेचाळीस घरांमधली सगळी माणसं नऊच्या आत शाळेच्या वरच्या मजल्यावर होती. प्रेमला प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेत होती आणि ओ आल्याशिवाय पुढे सरकत नव्हती.

घरांचं नुकसान व्हायचं तेवढं झालं. गाद्या गेल्या, प्रेमलाचा टीव्ही गेला, चाचांची रंगाची पोती गेली. पण पाणी उतरल्यावर आठवड्याभरात चाचींनी पहिलं काम केलं ते शेवयांची खीर. मोठा डबा भरून त्यांनी चाचांना खडकीला धाडलं. जाताना चाचांनी खिशात एक रिकामी आगपेटी टाकली. भरलेली पेटी मॉडेलवर ठेवणं त्यांच्या कारागीर मनाला मुळीच पटत नव्हतं, आणि घरातल्या काड्या पुरात भिजल्यापासून चाचीही आपली पेटी परत मागत होत्या.

मेजर उत्कर्षांनी खीर सगळ्या तुकडीला वाटली. चाचा मॉडेलपाशी गेले. त्रेचाळीस पेट्या जागच्या जागी होत्या. त्यांनी शेवटून तिसरी उचलली, सवयीने हलवली आणि रिकामी तिथे ठेवू लागले.

"चाचा, ती नका काढू," मागून मेजर म्हणाल्या.

"मॅडम, मॉडेलवर भरलेली पेटी बरी दिसत नाही. नियमात बसत नाही."

"मग नियमात बसवू. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरांमधले अधिकारी येणार आहेत, आपापल्या नद्यांच्या योजना करायला. त्यांना पहिला धडा तुम्ही द्यायचा. नकाशा हातात देण्याआधी ही पेटी हातात द्यायची."

चाचांनी पेटी पुन्हा जागेवर ठेवली. दोन्ही हात जोडले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, सुभेदार जगदाळ्यांना करायचे तसा सॅल्यूट केला. मेजरबाईंनी तो तसाच कडक परत केला.

येरवड्यात उतरल्यावर चाचांनी वाण्याकडून एक नवी आगपेटी घेतली. घरी खातूनचाची दारात बसून गादीची खोळ वाळत घालत होत्या. दाराचा खिळा रिकामा होता. पिशवी कपाटात गेली होती.

"दिली का हो त्यांनी पेटी?" चाचींनी विचारलं.

"नाही दिली," चाचा म्हणाले, आणि नवी पेटी त्यांच्या हातावर ठेवली. "म्हणाल्या, ती घरी गेली तर आम्ही येणार कसे?"